सुजाताचं दूध

डॉक्टरांनी सुजाताच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. मग पाठीवर लावली, पुन्हा छातीवर. महाडच्या त्या दवाखान्यात मी वजन वाढत नाही एवढीच तक्रार घेऊन गेले होते. दीड महिन्याची पोर, जन्मली होती तेवढीच दिसत होती.

"दूध पिताना घाम येतो का हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

येत होता. दोन घोट ओढले की कपाळ ओलं व्हायचं आणि पोर झोपून जायची. मी सगळ्यांना सांगत होते, शहाणी आहे, रडत नाही. ती दमत होती, हे मला तिथे कळलं.

"हृदयात मर्मर ऐकू येतेय. म्हणजे रक्त वाहताना जादा आवाज होतोय. मुंबईला दाखवा, उशीर करू नका."

मी पोलादपूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. बाळंतपणाच्या रजेवर होते. हे मुंबईला गोदीत कामाला. आम्ही दोघं तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. एक्स-रे झाला, ईसीजी झाला. ईसीजी म्हणजे छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदावर काढलेली रेघ. बाकी सगळा वेळ बाकावर बसून काढला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. व्हेंट्रिक्युलर सेप्टल डिफेक्ट. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. त्यामुळे फुप्फुसांकडे जादा रक्त जातं, धाप लागते. त्या 'हार्ट फेल्युअर' म्हणाल्या तेव्हा मी सुजाताला छातीशी ओढून घेतलं. त्यांनी लगेच समजावलं, "हृदय बंद पडलंय असं नाही. कामाच्या ओझ्याने ते थकतंय."

ऑपरेशन इतक्या लहान जिवाला धोक्याचं होतं. भोक पुढे आपोआप लहान होऊ शकतं, पण खात्री नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "औषध आम्ही देतो. वाढवायचं काम तुमचं. अंगावर ओढायची ताकद तिच्यात नाही. दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. थोडं थोडं, सारखं. डोकं वर धरून."

डिगॉक्सिनचे थेंब मिळाले. हृदयाला जोर देणारं औषध. ते मोजूनच द्यायचं आणि बाळाने ओकलं तरी आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गावी सासरी आले आणि माझं दूध आटत गेलं. बाळ ओढत नव्हतं आणि काळजी होतीच. डब्यातल्या पावडरीने तिला जुलाब लागले. चमचाभर दूध पाजायला पाव तास लागायचा, आणि खोकली की सगळं बाहेर. तोंड पुसायचं आणि पुन्हा सुरुवात.

माझी थोरली जाऊ, अक्का, हे सगळं बघत होती. तिचा संदीप तेव्हा आठ महिन्यांचा होता, गुटगुटीत. ती एके दिवशी माझ्या हातातली रिकामी वाटी घेऊन आत गेली आणि भरून घेऊन आली.

"धर गो. गरम हाय तवर पाज."

सासूबाईंना ते आवडलं नाही. "आपल्या पोराच्या तोंडचं काढतेस?"

"त्याला मऊ भात चालतोय, आई. हिला काय हाय?"

सासूबाई दोन दिवस अक्काशी तुटकच वागत होत्या. मी महाडच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "जाऊबाईंची तब्येत चांगली आहे ना? मग याहून चांगलं काय मिळणार?"

भातलावणीच्या दिवसांत अक्का चिखलाच्या पायांनी घरी यायची, हातपाय धुऊन दूध काढून द्यायची आणि परत खाचरात जायची. सुजाताच्या गालावर जरा मांस दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात तिला सर्दी झाली. सकाळी बघितलं तर श्वास भराभर चालला होता आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हे दिसलं की घरी थांबायचं नाही, असं मुंबईला बजावलं होतं. मी मिळाली ती एसटी धरून महाड गाठलं.

न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावला. चमच्याने पाजणं बंद, श्वासनलिकेत दूध जाईल म्हणून. नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घातली. ती घालताना मला बाहेर थांबवलं होतं. नंतर नर्सबाईंनी मला आत बोलावून त्या नळीतून दूध कसं हळूहळू सोडायचं ते शिकवलं.

दुपारच्या गाडीने अक्का आली. कडेवर संदीप, लावणी तशीच टाकून. "दूध कुठं काढू, सांग," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. भाकऱ्या आणल्या होत्या. सुजाताच्या नाकातली नळी बघून त्या खाली बसल्या. मग उठून त्यांनी संदीपला अक्काच्या कडेवरून घेतलं.

"ह्याला मी नेते घरी. भात भरवीन. तू रव्ह हितंच. तिला तू नसलीस तर नाय भागायचं."

आठवड्याने नळी निघाली. सुजाता चमच्याला तोंड लावीना, मान फिरवायची. दूध ओठांना लावत राहायचं, एवढंच हातात होतं. एका दुपारी तिने जीभ बाहेर काढून थेंब चाटला. अक्काने लगेच वाटी पुढे केली, मी चमचा पुन्हा भरला.

पुढे मुंबईच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. दर वेळी आवाज आहेच, पण बाळ वाढतंय, असं तिथल्या डॉक्टरीणबाई सांगायच्या. ती चालायला उशिरा लागली. चार वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भोक जवळजवळ मिटलंय. ऑपरेशन नको." घरी येऊन सांगितलं तेव्हा अक्का तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने पदराने डोळे पुसले.

सगळ्यांचं असं होत नाही. महाडच्या दवाखान्यात आमच्या शेजारच्या खाटेवरचं बाळ गेलं, त्याची आईही माझ्याइतकीच जपत होती. म्हणून मी कुणाला 'बरं होईल' असं सांगत नाही.

महाडचे डॉक्टर अधूनमधून अशा बाळांच्या आयांना माझ्याकडे पाठवतात. मागे पाचाडची एक मुलगी आली होती, पहिलटकरीण. बाळाला छातीशी घट्ट धरून दारातच उभी राहिली.

"जगंल ना ओ बाई?"

"ते मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "आत ये. कधीपासून पाजलं नाहीस, ते सांग."

तिने बाळ माझ्या हातात दिलं.