मागची येऊ द्या

गेल्या आठवड्यात दिवस मावळताना शाळेतून घरी येत होतो. जंगलातल्या वळणावर एक चितळ झुडपातून उडी मारून थेट माझ्या मोटारसायकलसमोर आलं. दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरत गेली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चितळ पलीकडे गेलं. मी पुन्हा गिअर टाकला, तेवढ्यात मागून सायकलवर आलेले एक म्हातारे वनमजूर ओरडले, "थांबा न सर! हे एकटं नाही राहत. मागची येऊ द्या."

खरंच, एकामागून एक चार चितळं रस्ता ओलांडून गेली. सगळ्यांत शेवटी एक पाडस आलं. त्याची आई, म्हणजे ते पहिलं चितळ, पलीकडे मान वळवून उभी होती. ते पोचलं तेव्हाच ती हलली.

"झालं, निघा आता," म्हणत वनमजूर पुढे गेले.

मी मात्र इंजिन बंद करून तिथेच उभा राहिलो. याच रस्त्यावर माझी बायको सुमन मागच्या सीटवरून माझ्या खांद्याला बोट टोचायची, "हळू चालवा हो." मी चिडायचो. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता टोकणारं कुणी नाही, म्हणून मी वेगात जातो, जणू घरी कुणी वाट बघत बसलंय. त्या दिवशी याच वेगात मीही संपलो असतो, आणि ते पाडस आईविना राहिलं असतं.

उरलेला रस्ता मी अगदी हळू कापला. घरी पोचायला बराच उशीर झाला. कुलूप उघडलं, दिवा लावला. उशीर का झाला, हे मी मोठ्याने सांगितलं. सगळं, पाडसापर्यंत.