सासूबाईंचा ओळंबा

आमचं घर गवंड्यांचं. पारनेर तालुक्यातल्या निम्म्या भिंती आमच्या मालकांच्या हातच्या, असं सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. सासरे गेले आणि त्यांचा ओळंबा मागे राहिला. सुताच्या दोरीला बांधलेला लिंबाएवढा पितळी गोळा. भिंत सरळ आहे की कललेली, ते तो सांगतो. खंडेनवमीला थापी, हातोडा, गुण्या, सगळ्यांची पूजा व्हायची, पण पहिलं कुंकू ओळंब्याला. ओळंबा खोटं बोलत नाही, हे त्या घरात देवाच्याही आधी शिकवलं जाई.

सासूबाईंनी त्यातून नवीच विद्या काढली होती. दोरी दोन बोटांत धरायची, डोळे मिटायचे, प्रश्न विचारायचा. गोळा सरळ पुढेमागे झुलला तर हो, गोल फिरला तर नाही. शेळी विकावी का, कोंबडी शेजारणीनं नेली का, सुनेला माहेरी धाडावं का. माहेराच्या प्रश्नाला तो मेला कायम गोलच फिरायचा. गवंडी गोळा थांबायची वाट बघतो, या तो हलायची वाट बघत. मला मनातल्या मनात हसू यायचं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुष्काळात बांधकामं बंद पडली. नवरा पुण्याकडे कामाला गेला, मी सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. टँकर कोरड्या विहिरीत पाणी ओतायचा आणि तेच आम्ही उपसून प्यायचो. गावातच वेगळं राहणाऱ्या थोरल्या दिरांच्या मुलाला त्या पाण्यानं जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तेव्हा सासूबाईंनी त्याला दुपारच्या एसटीनं स्वतः नगरच्या दवाखान्यात नेलं. ओळंबा खिळ्यावरून उतरलासुद्धा नाही. पोरगा बरा होऊन आला, गावात पेढे वाटले.

थोड्याच दिवसांत माझी मुलगी आजारी पडली. नुकती बोलायला लागली होती. "पानी, पानी" म्हणायची आणि दिलं की ओकायची. मी तिला पदरात गुंडाळून निघाले, तर सासूबाई दारात उभ्या.

"थांब. आदी इचारू दे."

"आत्याबाई, गाडी जाईल वो."

"मालकांचा ओळंबा हाय. त्यो सांगल तसंच हुईल."

गोळा गोल फिरला. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. मनगट हलत होतं. अगदी थोडं, पण हलत होतं.

"न्हाई म्हनतोय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या जातीला काय हुत न्हाई. घरीच बरी हुईल."

त्यांना ढकलून जायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्यांनी त्या घरात एक दिवस सून होऊन राहावं. एसटी फाट्यावरून गेली, तिचा हॉर्न घरात ऐकू आला. दिवेलागणीला मुलगी माझ्या मांडीवर गेली. सासूबाईंनी ओळंबा पुसून खिळ्याला टांगला आणि म्हणाल्या, "तिचं तेवढंच हुतं."

नवरा आला, रडला आणि पुन्हा कामावर निघून गेला. आईला तो एका शब्दानं बोलला नाही.

त्याच उन्हाळ्यात त्याच पाण्यानं सासूबाईंना धरलं. डोळे खोल गेले, ओठ सुकले. घरात आम्ही दोघीच होतो.

"मला नगरला ने," त्या म्हणाल्या.

मी खिळ्यावरचा ओळंबा काढला, त्यांच्या उशाशी बसले आणि दोरी दोन बोटांत धरली. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझा पदर घट्ट धरला.

"त्याला नगं इचारू गं. त्याला काय कळतंय? पितळ हाय ते!"

म्हणजे बाईला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. मरू दिलं असतं तर फार लवकर सुटल्या असत्या. सलाईन लागलं, बऱ्या झाल्या, पुढे खूप वर्षं जगल्या. नगरहून परतल्यावर मी तो खिळा उपटला आणि त्यांच्या अंथरुणासमोरच्या भिंतीत ठोकला. ओळंबा दिवसरात्र त्यांच्या डोळ्यांपुढे. खंडेनवमीला पहिलं कुंकू त्यांच्यादेखत मीच लावायचे.

"काढ गं त्यो तितनं," त्या विनवायच्या.

मी दोरी दोन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे, आणि मनगट थोडं हलवायचे.

"न्हाई म्हनतोय, आत्याबाई."