लाइनमनच्या मागे लागलेली कावळी

कावळ्यांबद्दल मला प्रेम वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मीटर रीडर, दारोदार फिरणारा माणूस. गावातली कुत्री मला नावानिशी ओळखत असावीत, आणि कावळ्यांना तर माझा डबा कोणत्या खिडकीत ठेवलाय हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तेव्हा खुशाल उंदिरवाडेची गोष्ट सांगताना मी कावळ्यांची बाजू घेतोय असा कोणी समज करून घेऊ नये. घेतलीच तर मी खुशालची बाजू घेतो, आणि तीही पुरती नाही.

खुशाल आमच्या गडचिरोलीच्या वीज ऑफिसात लाइनमन होता. साल चौऱ्याऐंशी. जिल्हा होऊन दोनच वर्षं झालेली, त्यामुळे रोज नवं ऑफिस आणि नव्या ऑफिसापुढे नवा खांब. जिकडे पाहावं तिकडे तारांचे तुकडे पडलेले. माणसांना त्यांचा काही उपयोग नव्हता, कावळ्यांना मात्र होता. आमच्या गावच्या कावळ्यांनी काड्या शोधायचे कष्टच सोडले. सरळ तारांची घरटी बांधायची, तीही खांबाच्या आडव्या पट्टीवर, विजेच्या तारांना अगदी खेटून. एखादा तुकडा लोंबकळला की फट्‌ असा आवाज, आणि अर्ध्या गावाचे पंखे बंद. लोक मे महिन्याच्या उन्हातून तणतणत ऑफिसात यायचे आणि त्यांना पहिल्यांदा दिसायचो मी.

म्हणून दर मे महिन्यात घरटी काढायचा हुकूम निघे. या कामात खुशालचा हात धरणारा कोणी नव्हता. सडपातळ, लांब हातांचा, अठ्ठावीस वर्षांचा गडी. खांबावर असा चढायचा की खालच्याला वाटावं, याच्यासाठी वर कोणी चहा करून ठेवलाय. जमिनीवर तो जरा बावळटच होता, कुठे हात ठेवावा, काय बोलावं हे त्याला सुचत नसे. वर गेला की माणूस खुलायचा, गाणी म्हणायचा. घरी तो आणि त्याची आई बायनाबाई, दोघंच.

त्या वर्षी गुजरीतल्या, म्हणजे आमच्या बाजारातल्या, खांबावरचं घरटं त्याने काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यामागे साडेसाती लागली. सकाळी दहाला ऑफिसच्या फाटकात सायकल शिरली रे शिरली की कडुनिंबावरून एक कावळी तिरकी यायची आणि त्याच्या टाळक्यावर टोच मारून भिंतीवर जाऊन बसायची. राखी मानेची, साधी गावातली कावळी. डाव्या पंखातलं एक पीस उलटं वळलेलं, म्हणून ओळखू यायची.

"ही कावळीच कशावरून? कावळा नसेल कशावरून?" मी विचारलं.

"मागल्या महिन्यात अंड्यायवर तिलेच बसलेली पाह्यली ना, शिरीभाऊ," खुशाल म्हणाला. "नवरा तो तारेवर बसलेला. तो नुसता कल्ला करते, खाली उतरत नाई."

मग आम्ही तिचं नाव मास्तरीण ठेवलं, कारण वेळेची पक्की आणि मार एकाच पोराला. आम्ही सगळे त्याच फाटकातून जायचो. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका माणसाला इतकं लक्षात ठेवायचं म्हणजे फार झालं, असं मला वाटलं. माझी बायकोसुद्धा इतका वेळ राग धरत नाही.

खुशाल चिडला नाही. तो तिला बघत बसायला लागला. जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात पाय पसरून बसायचा आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर पाहायचा. हेल्मेट होतं, पण ते स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली नेहमी नागपूरला गेलेली. पंधरा दिवसांत त्याला कडुनिंबावरचे सातआठ कावळे वेगवेगळे ओळखू यायला लागले. एक होता तो वाळलेला टोस्ट आणून नळाखालच्या डबक्यात बुडवायचा आणि मऊ झाल्यावरच खायचा. एक जण हाडकं नेऊन शाळेच्या छपरावरच्या कवेलूंखाली लपवायचा आणि कोणी बघत असेल तर खोटं लपवून, लोकांची पाठ वळली की खरी जागा गाठायचा. मला आधी हसू यायचं. पुढे मीही डबा घेऊन त्याच्याशेजारी बसायला लागलो, हे कबूल करतो.

सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका रविवारी मास्तरणीने खुशालला त्याच्या घराच्या अंगणात गाठलं, आणि या खेपेला टोच मारून उडाली नाही, दोन क्षण डोक्यावर बसली. बायनाबाई दारातच तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं मरण आलं, अशी आमच्याकडे जुन्या माणसांची समजूत. उतारा एकच. तो माणूस मेल्याची खोटी बातमी नातेवाइकाला धाडायची. ते तिकडे खरोखरचे रडले की मरण फसतं, आपलं काम झालं समजून परत जातं. रडणाऱ्याला मात्र आधी सांगायचं नाही.

आता बायनाबाई काही तशी बाई नव्हती. छप्पन साली चांद्याला दीक्षा घ्यायला कडेवरचं पोर सासूजवळ ठेवून गेलेली. परत आल्यावर घरातले देव स्वतःच्या हाताने वैनगंगेत सोडलेले. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात पहिल्या रांगेत. कोणी गंडादोरा केला तर भर गल्लीत त्याची हजेरी घ्यायची. पण पोरगा रोज विजेच्या खांबावर चढतो ही भीती तिच्या पोटात गेली सहा वर्षं बसून होती, आणि त्या भीतीला कावळा पुरला.

"आई, तू विहारात जातं ना? मंग हे काय?" खुशाल म्हणाला.

"मी विहारात जातो. तू खांबावर जातं," ती म्हणाली. आणि तिने जेवण सोडलं.

दोन दिवसांनी मी मीटर बघायला गेलो तर म्हातारी माझ्यापुढे पोस्टकार्ड घेऊन उभी. तिची मुलगी सत्यशीला एटापल्लीला, जावई तिथे जंगल खात्यात. तिच्या नावे मी लिहून द्यावं, असं म्हातारीचं म्हणणं. मी आधी रागावलो, मग समजावलं, मग पुन्हा रागावलो. ती नुसती डोळ्यांतून पाणी काढत राहिली. रडणाऱ्या म्हातारीपुढे माझा राग टिकत नाही, हा माझा जुना दोष आहे. खुशाल गेला, लगेच ये, एवढं लिहिलं आणि माझ्याच हाताने टपालाच्या डब्यात टाकलं. तेव्हा मला वाटलं होतं, या रस्त्यांनी कार्ड पोचतं कशाला!

ते पोचलं. चौथ्या दिवशी दुपारी सत्यशीला आलापल्ली, आष्टी, चामोर्शी अशा तीन गाड्या बदलत, प्रत्येक स्टँडवर रडत गडचिरोलीला आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिने हंबरडा फोडला. खुशाल भात-सुकट खात होता. हातातला घास तसाच धरून तो बाहेर आला.

"कोण मेलं वं, बाई?" त्याने काळजीने विचारलं.

सत्यशीला त्याच्याकडे बघत मटकन खाली बसली. मग तिने पायातली चप्पल काढली आणि भावाला अंगणभर पळवून पळवून हाणलं. हाणताना आणखी रडली, मग त्याच्या गळ्यात पडून रडली. बायनाबाई दारात शांत उभी होती.

"पोटातून रडली ना?" तिने लेकीला विचारलं. "झालं मंग." त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालने अंगणात सायकल काढली आणि मास्तरीण बरोबर येऊन त्याच्या डोक्यावर बसली.

"आता कोणाले मेल्याचं सांगतं?" सत्यशीला हसू दाबत म्हणाली. "अहेरीच्या मामाले?"

बायनाबाईला हसू आलं नाही. "किती खेपा मारू मी याले?" असं म्हणून ती तशीच उठली आणि चालत आमच्या ऑफिसात आली. साहेबासमोर जमिनीवर बसली. पोराला खांबावरून उतरवा, बसायचं काम द्या, नाहीतर मी इथून उठत नाही. साहेबाला स्टोअरसाठी माणूस हवाच होता. एक तारखेपासून खुशाल स्टोअरमध्ये, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

खुशालचं तोंड मला आजही आठवतं. स्टोअर म्हणजे एक खिडकी, ती पण भिंतीकडे उघडणारी. जन्मभर नटबोल्ट मोजायचे. पण आईने पुन्हा जेवण सोडलं तर तो काय करणार? शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "शिरीभाऊ, ती कावळी मरण घेऊन येत नाई. तिले माहं तोंड माहीत आहे. आईले हे डोयानं दाखवलं पायजे."

शनिवारी सकाळी बायनाबाईला आणि सत्यशीलेला ऑफिसच्या व्हरांड्यात बसवलं. मी खुशालचा खाकी शर्ट, त्याचा पट्टा, कमरेला त्याची पक्कड अशा थाटात त्याच्याच सायकलवरून फाटकात शिरलो. खरं सांगतो, मान आखडून घेतली होती. मास्तरणीने माझ्याकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि पंख साफ करायला घेतले. मागून खुशाल माझ्या शर्टात, माझी टोपी घालून पायी आला. तिने झडप घातली आणि टोपी उडाली ती नालीत. मग तो पुन्हा बाहेर गेला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून आत आला. कावळी हलली नाही. फाटकाच्या मधोमध उभा राहून त्याने दुपट्टा सोडला. तिने वरून थेट उडी घेतली आणि त्याच्या कपाळावर टोच मारली.

ऑफिसातले सगळे टाळ्या पिटायला लागले. मीही पिटल्या. बायनाबाई मात्र टाळ्यांकडे बघत नव्हती, ती भिंतीवर बसलेल्या कावळीकडे बघत होती.

"तुले ओळखते ती," ती म्हणाली.

"तेच तं सांगून राह्यलो, आई!"

"काऊन ओळखते? एवढ्या मानसायत तुलेच काऊन? काय घेतलं तू तिचं?"

खुशालने मान खाली घातली. गुजरीच्या खांबावरचं घरटं, तो म्हणाला. त्यात तीन पिल्लं होती. डोळे उघडलेली. खालून साहेब घाई करत होता. त्याने घरटं तसंच उचलून भाजीच्या शेडवर ठेवलं, म्हटलं मायबाप येतील, चारतील. संध्याकाळी पाहिलं तर मांजर येऊन गेलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही, आणि मी महिनाभर त्याच्याशेजारी बसून त्या कावळीला हसत होतो. माझ्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांची मला लाज वाटली.

बायनाबाईने पुन्हा एकदा कावळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी येडी. मले वाटलं ती तुह्यं मरण घेऊन आली. ती तं तिच्या लेकरायचं सांगाले येऊन राह्यली. रोज येते बिचारी, आन आमी तिले हाकलतो."

ती उठली, साहेबाकडे गेली आणि म्हणाली, पोराला खांबावरच राहू द्या. साहेब वैतागला, पण बायनाबाईसमोर साहेबाचं चालत नव्हतं हे आम्ही आधीच पाहिलं होतं. खुशालला तिने एकच अट घातली. घरट्यात लेकरू असेल तर घरटं हलवायचं नाही, मग सरकारचा हुकूम असो की कोणाचा.

त्यामुळे खुशालचं काम तिप्पट वाढलं. लाइन बंद करून वर चढायचं, घरट्यातून तारेचा एकेक तुकडा पकडीने कापून काढायचा, काड्या तशाच ठेवायच्या आणि मोकळी झालेली जागा सुतळीने आवळायची. लोक ओरडायचे, साहेब ओरडायचा, मी तर रोजच ओरडायचो. पण त्या पावसाळ्यात घरट्यांपायी एकदाही लाइन गेली नाही, तेव्हा ओरडणारे आपोआप गप्प झाले.

पुढच्या मे महिन्यात मास्तरणीने पुन्हा गुजरीच्याच खांबावर घरटं केलं. दोन पिल्लं होती. त्या दिवशी बायनाबाई स्वतः आली आणि भाजीच्या शेडच्या सावलीत उभी राहिली. लाइन बंद झाली, खुशाल चढला आणि पट्टा बांधून कामाला लागला. मास्तरीण आली. या खेपेला नवराही खाली उतरला. दोघांनी मिळून त्याला असं झोडपलं की बाजार थांबला. त्याचे दोन्ही हात घरट्यात अडकलेले.

"आई, दगड मार ना यायले!" तो वरून ओरडला.

"नाई मारत," बायनाबाई खालून ओरडली. "मारू दे तिले. तू हात हलू नको देऊ."

त्याने हात हलू दिला नाही. अर्धा तास तो एकेक तार काढत राहिला आणि ती त्याला मारत राहिली. गाणं वगैरे काही नव्हतं त्या दिवशी. मी खाली उभा राहून लोकांना मागे सारत होतो.

खुशाल उतरला तेव्हा कानामागून रक्त गळत होतं. बायनाबाईने पदराने ते पुसलं, पण तिचं लक्ष वरच होतं.

"दोनी आहेत ना?" तिने विचारलं.

"दोनी आहेत, आई."