शेहेचाळीस गुणांचा पुतण्या

अकोल्याच्या मुलाखतीत मला पन्नासपैकी शेहेचाळीस गुण मिळाले ते एका शब्दामुळे. तो शब्द होता 'काका'.

सरकारी मंडळातली अधिकाऱ्याची जागा होती. मुलाखत समितीच्या अध्यक्षांनी माझं आडनाव वाचलं, गाव विचारलं आणि आमच्या गावच्या एका वजनदार पुढाऱ्याचं नाव घेतलं. "ते तुमचे कोण?"

"आमी काकाच म्हणतो त्यायले."

खरंच म्हणतो. अख्खं गाव म्हणतं. त्यांच्याविरुद्ध मी काढलेल्या पत्रकातही 'काका, उत्तर द्या' असंच छापलं होतं. समितीने ते पत्रक वाचलेलं नव्हतं. अध्यक्षांनी चहा मागवला आणि छंद विचारला. वाचन, म्हणालो. चौघांनीही अशा माना डोलावल्या, जणू वाचनाचा शोध मीच लावला.

माझ्यानंतर माझी मैत्रीण आत गेली. अचलपूरच्या शिंप्याची मुलगी. अमरावतीच्या अभ्यासिकेत आम्ही तीन वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. लेखी परीक्षेत तिला एकशे अडुसष्ट, मला एकशे एकेचाळीस. तिला विचारलं, लग्न कधी करणार, मग घरचे नोकरी करू देतील का. चहाचं कोणी विचारलं नाही.

निकाल लागला. निवड यादीत मी शेवटचा, प्रतीक्षा यादीत ती पहिली. फरक दोन गुणांचा. मी भडकलो. तिच्यावरच्या अन्यायाचं पत्रक त्याच दुपारी लिहिलं आणि माहितीच्या अधिकारात सगळ्यांचे मुलाखतीचे गुण मागवले. स्वतःच्या निवडीचा संशय मला शिवला नाही. ती मला माझी हुशारी वाटत होती.

कागद आले. तिला सतरा, मला शेहेचाळीस. तिच्या नावापुढे शेरा, 'आत्मविश्वास कमी'. माझ्यापुढे, 'कौटुंबिक पार्श्वभूमी उत्तम'. माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत. उत्तमच आहेत, पण समितीला ते कसं कळलं?

पत्रक घेऊन मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "तक्रार टाकू. अख्खी भरती रद्द करायले लावू."

"अन् मंग मी काय करू?"

"लढू ना आपण."

"तू लढ. माही वयाची मर्यादा यंदा संपून राहिली. तू नकार लिहून दे, जागा मले भेटते. क्रांती मंग करजो, भाऊ."

"अन् अन्याय?"

"तो का पळून चालला कुठी?"

मी न छापलेलं पत्रक घडी करून खिशात घातलं.

अकोल्याच्या कार्यालयात नकाराच्या अर्जावर कारणाचा रकाना होता. मी वेगळा कागद जोडून दीड पान कारण लिहिलं. बाबूंनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "हे वर गेलं का चौकशी लागते, अन् चौकशी लागली का यादी थांबते. वैयक्तिक कारण लिहा ना, कावून त्रास घेता?"

'वैयक्तिक कारणास्तव.' आयुष्यात मी इतकं कमी कधी लिहिलं नव्हतं.

ती रुजू झाली. कागदोपत्री ती भरती निर्दोष आहे, एकही तक्रार नाही. समिती तीच आहे, मुलाखतीचे पन्नास गुण तेच आहेत, आणि ते कशाचे देतात हे अजूनही कोणी उमेदवाराला सांगत नाही.

मागच्या महिन्यात ती नोकरीत कायम झाली. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"आता छाप. माहे सतरा गुण मोठ्या अक्षरात टाकजो."