दोन बोटी आणि बर्फातला मासा

उद्धवरावांना समुद्राची शिसारी आली होती, आणि ती काही उगाच आली नव्हती.

अफजलपूरच्या पुढं, भीमेच्या काठावर त्यांचं गाव. ऊस, थोडी तूर, नदीवर पाण्याची मोटार. ऐन जवानीत गुलबर्ग्याच्या एका एजंटामार्फत ते दुबईला गेले बांधकामावर म्हणून, आणि लागले एका हौशी मासेमारीच्या बोटीवर. नदीकाठचा माणूस, पोहता येतं, एवढ्यावर मुकादमानं त्यांना तिकडं ढकललं. गोरे साहेब, अरब शेख, मुंबईचे मोठे शेठ त्या बोटीवर यायचे. मासा खायला नको असायचा त्यांना. गळ टाकायचा, मासा दमेस्तोवर झुंजवायचा, वर ओढून फोटो काढायचा आणि द्यायचा टाकून. उद्धवरावांचं काम मागचं. आकडीच्या काठीनं मासा वर घ्यायचा, डोक्यात दांडकं हाणायचं, मग फळ्यांवरचं रक्त पाइपानं धुवायचं. साहेब ओकला की तेही धुवायचं.

एकदा एक मादी वर आली. तिचं पोट फाटून पिवळी गाबोळी, सगळी अंडी, बोटभर पसरली. साहेबांनी त्यात बूट भरतील म्हणून पाय वर घेतले आणि खुर्चीत बसूनच फोटो काढून घेतला. उद्धवरावांनी ती गाबोळी ओंजळीनं समुद्रात ढकलली. त्या दिवसापासून त्यांच्या नाकात जो वास बसला, तो साबणानं गेला नाही आणि गावी आल्यावरही गेला नाही. उजव्या हाताच्या करंगळीचं पेरही तिथंच गेलं, पळत्या दोरीत अडकून. एवढी उमर बोटीवर गेली, पण चाक त्यांच्या हाती कुणी कधी दिलं नाही. चाक कप्तानाचं.

आणि नेमकी तीच एक गोष्ट शिवशंकरला ठाऊक होती.

शिवशंकर त्यांच्याच गल्लीत वाढलेला. आता गुलबर्ग्यात त्याची डाळमिल, दारात दोन गाड्या. एका संध्याकाळी तो घरी आला, पाया पडला आणि बाजेवर बसून मोबाइल पुढं केला.

"उद्धवअण्णा, बोट घ्यायलोय. मासे धरायची, समुद्रातली. कारवारला दोन हायेत. एक थोरली, अठ्ठेचाळीस फुटी. एक धाकटी, अठ्ठावीस. कुठली घ्यावी ते तुमी सांगा."

"तुला कामून पायजे रे बोट? मासा तर खात न्हाईस तू."

"खायला न्हाई ओ अण्णा. शौक."

तो शब्द ऐकताच उद्धवरावांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. ते नाही म्हणणार होते. तेवढ्यात शिवशंकर म्हणाला, "चालवून तुमीच बगायचं. चाक तुमच्याच हातात."

आतून सुशीलाबाई चहा घेऊन आल्या, तर नवरा "व्हय" म्हणत होता.

कारवारजवळ एका खाडीत दोन्ही बोटी बांधलेल्या होत्या. विकणारा दलाल पांढऱ्या बुटांत, पांढऱ्या टोपीत. शिवशंकर आधी थोरल्या बोटीवर चढला आणि चढल्या चढल्या हरखला. खाली दोन निजायच्या खोल्या, एसी, भिंतीवर टीव्ही, मागं मासा झुंजवायची गरगर फिरणारी खुर्ची. उद्धवरावांनी मात्र तळाची फळी उचलली. खालून डिझेल आणि गळाला लावायच्या कुजक्या चाऱ्याचा भपका आला. साठलेल्या काळ्या पाण्यात माशांचे खवले तरंगत होते. चारा ठेवायची पेटी उघडली, तर आत गेल्या हंगामातले बांगडे वितळून पुन्हा गोठलेले. फळीफटीतला काळा मळ त्यांनी नखानं खरवडून बघितला. वाळलेलं रक्त होतं. दुबई असो की कारवार, वास एकच.

"धू म्हणावं आधी," ते शिवशंकरला म्हणाले. "आन ही घ्यायची तर तीन मानसं कायमची ठिवावी लागतील. इंजिनाला एक, मागं एक, चाकावर एक. वर्साचे सात-आठ म्हयने नुसती बांधून ऱ्हाईल."

"पन दिसायला?"

"दिसायला मोठी हाय."

धाकटी बोट उघडी होती. मागं दोन इंजिनं, पुढं एक माणूस जेमतेम लवंडेल एवढी खोली. तळ कोरडा होता. लाकूड ठोकून बघितलं, टणक लागलं. दलालानं किल्ली दिली आणि उद्धवरावांनी चाक धरलं. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट आली. बोट वर गेली, हलकेच खाली बसली, आणि हात जिकडं वळवावा तिकडं वळू लागली. त्या वेळापुरता नाकातला वास गेला. ते हसत होते. आपण हसतोय हे त्यांना दलालाच्या तोंडाकडं बघून कळलं.

मग मासेमारी सुरू झाली. गळ सोडले, आमिषं पाण्यात नाचू लागली. शिवशंकर थोडा वेळ उभा राहिला, मग बसला, मग आडवा झाला.

"अण्णा, कवा लागंल मासा?"

"लागला तर लागंल. न्हाई तर न्हाई. त्येला काय तुजा नंबर दिलाय व्हय?"

शिवशंकर ओकला. घरून आणलेली भाकरी, शेंगाचटणी, सगळं बाहेर आलं. उद्धवरावांनी जुन्या सवयीनं पाइप उचलला, आणि उचलल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. उन्हं कलली तरी मासा लागला नव्हता. तेव्हा दलालानं शिवशंकरच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. शिवशंकर तोंड पुसत उठला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

धक्क्यावर आल्यावर दोन गड्यांनी बर्फाची लांबलचक पेटी आणली. आत एक मोठा समुद्री मासा होता, लांब चोचीचा, पाठीवर शिडासारखा पर असलेला. बाजारातून आणलेला. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी पडलेले, अंगावर बुळबुळीत साय. गड्यांनी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं, चकाकी यावी म्हणून. मग त्याच्या तोंडात गळ खुपसला. मेलेल्या माशाच्या तोंडात गळ अडकवताना जबड्याची कातडी फाटली, तर फाटकी बाजू त्यांनी पलीकडं वळवली.

"अण्णा, शेपूट धरा जरा," शिवशंकर म्हणाला. "तुमी फोटोत येनार न्हाई. मला एकट्याला जड होतंय."

उद्धवरावांनी शेपूट धरलं. का धरलं हे त्यांना पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. मोठा माणूस म्हणतो तेव्हा धरायचं, हे त्यांच्या हाताला शिकवून झालेलं होतं. बोटांतून गार पाणी आणि साय मनगटावर आली, कोपरापर्यंत ओघळली.

आधी थोरल्या बोटीवर फोटो काढला, मग धाकटीवर. शिवशंकरनं दोन्ही फोटो बोटांनी ताणून ताणून बघितले आणि म्हणाला, "ठरलं. धाकटी घ्यायची."

"व्हय. तीच बरी," उद्धवराव म्हणाले. "तळ कोरडा हाय, एका मानसाला आवरती..."

"ते न्हाई ओ. ह्या बोटीत मासा मोठा दिसायलाय बगा."

परतीच्या वाटेवर हुबळीला जेवायला थांबले, तर उद्धवराव गाडीतून उतरले नाहीत.

महिनाभरात शिवशंकरचा वाढदिवस आला. अफजलपूरच्या बसस्टँडसमोर आणि गावच्या वेशीत फ्लेक्स लागले, निम्मे कानडीत, निम्मे मराठीत. सागराला नमवून आलेल्या शिवशंकरअण्णांना लाख लाख शुभेच्छा. काळा गॉगल, तो मासा, धाकटी बोट. कडेला शेपटापाशी एक हात आला होता, कापायचा राहून गेलेला. करंगळी आखूड होती. गावात तो हात कुणाचा हे पोराटोरांनीही ओळखलं.

देवळापुढं मांडव घातला होता. हारतुरे झाले आणि कुणीतरी माइक उद्धवरावांच्या हातात दिला. "अण्णा, तुमी संगं होता. कसा धरला ते सांगा."

उद्धवराव उभे राहिले. "धरला न्हाई," ते म्हणाले. "बाजारातून आनला. बर्फात होता. वास मारायला लागला होता."

बसलेल्यांनी शिवशंकरकडं बघितलं. मग शिवशंकर मांडीवर थाप मारून हसला आणि सगळा मांडव हसला. चेष्टा वाटली काहींना. ज्यांना ती चेष्टा नाही हे कळलं, तेही हसले. शेजारचा बसवंतप्पा त्यांना खाली बसवत म्हणाला, "असू द्या की उद्धवअण्णा. मासा तर खराच होता न्हवं?"

पुढं जेवणाच्या पंगती बसल्या. उद्धवराव घरी आले, न्हाणीत जाऊन राखेनं हात घासत बसले.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर पुन्हा बाजेवर. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं त्यांना. रागावला असता तर निदान काहीतरी त्याच्यापर्यंत पोचलं असं झालं असतं.

"अण्णा, काल लई हसवलात. आता कारवारला ऱ्हावा. कप्तान तुमीच. चाकाला दुसरा कुनी हात लावनार न्हाई. मी पाहुणे घिऊन येईन, तुमी फिरवा."

"आन मासा न्हाई लागला तर?"

"त्येची सोय हाय की," शिवशंकर म्हणाला, अगदी सहज.

उद्धवरावांच्या ओठांवर "व्हय" आलं होतं. खरंच आलं होतं. लाटेवर हलकेच बसणारी ती बोट तळव्यांना आठवत होती. त्यांनी उठून अंगणात थुंकलं आणि मागं न बघता म्हणाले, "मला न्हाई जमायचं. जा तू."

शिवशंकर गेल्यावर सुशीलाबाई दारात आल्या.

"एवढं वंगाळ होतं तर गेलाव कामून तिकडं?"

"चाक धरायला."

"मग? धरलं की न्हाई?"

"धरलं."

"कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं," उद्धवराव म्हणाले. "तेच तर वंगाळ."

सुशीलाबाई पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या.

शिवशंकरनं कारवारचाच एक माणूस ठेवला. वर्षातून दोनदा पाहुणे जातात, फोटो येतात, मासे दर वेळी मोठे होत जातात. चहाच्या हॉटेलात कुणी मोबाइल पुढं केला की उद्धवराव कप अर्धा ठेवून उठतात. एकदा बसवंतप्पानं त्यांना हाक मारून थांबवलं आणि ह्या खेपेचा मासा खरा की बर्फातला, असं विचारलं. उद्धवराव म्हणाले, "बगनाऱ्याला फरक पडत न्हाई, तर मला कामून इचारायलास?" आणि सोलापूरच्या बसला हात केला. नदीवरच्या मोटारीचा पट्टा तुटला होता, तो आणायचा होता.