बाहुलीचं सासर

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रविवारी कुणीतरी जुन्या खेळण्यांचा फोटो टाकतं. कधी लाकडी भोवरा, कधी सायकलचं टायर, कधी ज्वारीच्या धाटांची बैलगाडी. खाली ओळ ठरलेली, ‘हे ज्यांनी खेळलंय त्यांचंच बालपण खरं.’ मग रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. ज्यानं वर्गातल्या निम्म्या पोरांचे भोवरे मुद्दाम फोडले, तोही लिहितो, किती निरागस होतो ना आपण! मी केजला माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता हे वाचते आणि माझं डोकं फिरतं.

या दिवाळीत गावी स्नेहमेळावा ठरलाय. सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, विटीदांडू खेळायचा, व्हिडिओ काढायचे. बायकांसाठी बाहुला-बाहुलीचं लग्न ठेवलंय आणि वरमाय म्हणून एकमतानं माझं नाव निघालंय. ‘हिच्यासारखी खाष्ट वरमाय पंचक्रोशीत झाली नाही,’ असं एकीनं लिहिलं आणि पुढं हसून लोळणारे सहा चेहरे टाकले. ती खोटं बोलत नाही. त्या सगळ्यांना सगळं आठवतं, फक्त ते त्यांना गमतीचं वाटतं.

मी ग्रुपवर काही उत्तर दिलेलं नाही. काय झालं होतं ते इथं लिहिते.

आमचं गाव तलवाड्याजवळ. गल्लीत बाहुल्या आठ-दहा होत्या, कारण नटवायची हौस बाहुलीचीच. बाहुला मात्र एकच आणि तो माझा. वडिलांनी सुताराकडून लाकडाचा करून घेतला होता, डोक्यावर रंगवलेला फेटा, ओठांवर मिशा. त्यामुळं लग्न लावायचं तर माझ्याच दारात यावं लागायचं. मी ठरवीन ती सून, मी म्हणेन तो मुहूर्त. आणि लग्न लागलं की बाहुली बाहुल्याच्या घरी राहायची, म्हणजे माझ्याकडं. हा नियम मी केलेला नव्हता. गावात लग्नं अशीच व्हायची.

आमच्या घरामागं एक मुलगी राहायची, तिसरीत माझ्याच वर्गात. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की ट्रक यायचे, भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी माणसं घेऊन निम्मी वस्ती निघून जायची, ती पार पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. त्या वर्षी शाळा बुडू नये म्हणून तिला आत्याकडं मागं ठेवली होती. आत्या दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात. जायच्या आदल्या दिवशी आईनं तिला एक बाहुली करून दिली. स्वतःच्या लुगड्याचा काठ, आत वेचून आणलेला कापूस, डोळे काळ्या दोऱ्याचे. केस मात्र खरे होते. विंचरताना निघालेले आईनं गुंडाळून ठेवलेले स्वतःचेच केस.

ती बाहुली कडेवर घेऊन आमच्या ओट्यापाशी उभी राहायची. तिला आम्ही खेळायला घेत नव्हतो. का, असं कुणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं, आणि विचारायला कुणी नव्हतंच. एकदा तिनं आपण होऊनच सांगितलं, ‘राती हिला कुशीत घिऊन झोपते. आईचा वास येतो.’ मी ते केस हातात घेऊन बघितले आणि मला ती बाहुली हवीशी झाली. म्हणाले, ‘खेळायचंय का तुला? मग तुझी पोरगी माझ्या पोराला दे.’

तिनं एक दिवस मागून घेतला. मुलगी सासरी राहते हे तिला माहीत होतं. पण लग्नानंतर पाचव्या दिवशी ती माहेरी येते, पाचपरतावणीला, हेही तिनं मोठ्या बहिणीच्या लग्नात बघितलं होतं. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला जातो आणि सासरचे पाठवतात. त्या भरवशावर ती तयार झाली. पाच रात्री कशातरी काढायच्या, एवढाच तिचा विचार होता.

लग्न जोरात झालं. घरातून चिमूटभर हळद आणली, दोऱ्याच्या मुंडावळ्या केल्या, ज्वारीच्या अक्षता कुंकवात रंगवल्या, पत्र्याचा डबा बडवून वाजंत्री झाली. निरोपाच्या वेळी ती रडली. ओठ चावून, खांदे हलवून रडली. आमच्यातली एक दुसरीला म्हणाली, ‘कसली भारी रडती गं ही!’ आम्हाला ते इतकं आवडलं की आम्ही तिला पुन्हा एकदा रडायला लावलं.

पाचव्या दिवशी शाळेतून आल्याआल्या ती दारात. डोक्यावर ओढणीचा पदर, हात जोडलेले.

‘विहीणबाई, लेकीला न्याया आले.’

‘कावून? काय मानपान केला तुमी?’ मी ओट्यावर मांडी ठोकून बसले होते. ‘आमच्या पावण्यांना पाण्याचा तांब्या सुदिक दिला न्हाई. रुखवत न्हाई. न्हाई पाठवत.’

बाकीच्या पोरी खिदळल्या. तीही हसली, कारण तिला वाटलं खेळ चाललाय. मग वाट बघत उभी राहिली. मी उठून आत गेले.

हे सगळं मला आमच्या घरात शिकायला मिळालं होतं. काकूचं माहेर चकलांब्याकडं. दोन एसट्या बदलून तिचा भाऊ दिवाळीला न्यायला यायचा. माझी आई थोरली जाऊ, घरातला शब्द तिचा. ती म्हणायची, ‘कापूस रानात उभा हाय, आता कसं पाठवू? बघू पुढच्या महिन्यात.’ तो संध्याकाळपर्यंत ओसरीत बसून राहायचा, चहा प्यायचा, पिशवीतला खाऊ आमच्या हातावर ठेवायचा आणि शेवटच्या गाडीनं एकटा परत जायचा. काकू त्या दिवशी भाकरी करताना मान वर करायची नाही. मी ते बघायचे, ऐकायचे आणि आईचा एकएक शब्द माझ्या तोंडात बसत गेला.

ती आठवड्याला एकदा येऊ लागली. रुखवत म्हणून तिनं गजगे, म्हणजे सागरगोटे आणले, खेळून खेळून गुळगुळीत झालेले. मी घेतले आणि म्हणाले, ‘आनखी राह्यलंय.’ बांगड्यांच्या रंगीत काचा आणल्या, आत्यानं खायला दिलेल्या शेंगा न खाता आणल्या. दर वेळी काहीतरी राहिलेलंच असायचं. बाहुली मी कोनाड्यात भिंतीकडं तोंड करून उभी केली होती. ‘ती तुमच्याशी बोलत न्हाई. माहेरच्यांनी आमचा अपमान केला म्हनून रुसली हाय.’ एकदा ती ओट्यावर चढली आणि बाहुलीचा घसरलेला पदर नीट करायला तिनं हात पुढं केला. मी तिच्या हातावर फटका मारला. लांबून बघायचं, शिवायचं नाही, असं सांगितलं. मला मजा येत होती. हे लिहायला जड जातंय, पण येत होती, आणि ती जितकी गरीब तोंड करायची तितकी जास्त यायची.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या गावात एक सून जळाली. बायका आमच्या ओसरीवर बोलत होत्या आणि आम्ही पलीकडं खेळत होतो.

‘स्टोचा भडका उडाला म्हणं.’

‘त्यांच्या घरात स्टो हाय तरी का?’

‘असू दे बाई. पोराला दुसरी सांगून बी आली.’

मग कुणाचं तरी आमच्याकडं लक्ष गेलं आणि त्या कापसाच्या भावावर बोलायला लागल्या.

होळी झाली. एक दिवस ती आली ती हात न जोडता. चेहरा फुललेला. ‘पुढल्या आठवड्यात पट्टा पडतोय. आई येनार हाय. मग मुराळी म्हनून तीच येईल बघ.’

दारात खरी बाई आली असती तर माझ्या आईनं बाहुली तिच्या हातात दिली असती आणि वर माझ्या पाठीत धपाटा घातला असता. त्या दुपारी मी गोठ्यामागं गेले. चिमणीतलं रॉकेल बाहुलीवर ओतलं आणि काडी लावली. काठ भुर्रकन जळाला. कापूस बराच वेळ धुमसत राहिला. केस जळाल्याचा वास नाकात असा बसला की संध्याकाळी मला घास गिळेना. आईनं ताप आलाय का बघायला माझ्या कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. ‘तुझी लेक सैपाक करत व्हती. स्टोचा भडका उडाला. आमी काय करनार?’ दोघीतिघींनी डोळ्यांना ओढणी लावून हेल काढायला सुरुवात केली, मयताला बायका काढतात तसा. ती रडली नाही. कोनाड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, ‘लई येळ जळाली का?’

‘न्हाई,’ मी म्हणाले. ‘लगीच गेली.’

लहान होतीस तू, असं माझा नवरा म्हणतो. इतक्या वर्षांत मी हे फक्त त्याला सांगितलंय आणि त्यानं तेवढ्यावर विषय मिटवला. मी नऊ वर्षांची होते. ती बाहुली तिला कशासाठी हवी होती हे मला पक्कं ठाऊक होतं, तिनंच सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर कदाचित मला ती इतकी हवी झाली नसती. मी दुष्ट मुलगी होते आणि मला कुणी अडवलं नाही, कारण मोठ्यांना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. माझी आई तर शेजारणींना कौतुकानं सांगायची, ‘आमची हुबेहूब वरमाय करते.’

चौथीनंतर त्या मुलीच्या हातातही कोयता आला. ती आमच्या ग्रुपवर नाही, मेळाव्याला तिला कुणी बोलावलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती मला केजच्या स्टँडवर दिसली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी वाटत होती. तिनंच ओळखलं आणि हसून म्हणाली, ‘बरं हाय का?’ मी म्हणाले, गाडी निघतेय, घाईत आहे. माझी गाडी लागायला अर्धा तास होता.

पण मला सांगायचंय ते पट्टा पडल्यानंतरचं.

तिची आई आली त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ती आईला सांगते की काय या भीतीनं मला बसवत नव्हतं. आई उन्हानं काळी पडली होती, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. बोचकं सोडून तिनं आतून एक पुडी काढली. पुडीत बाहुलीचं झंपर होतं. लाल चिटाचं, बोटभर बाह्यांचं, गळ्याला पिवळी दोरी. फडातून आल्यावर कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून तिनं ते शिवलं होतं.

‘आन तुझ्या लेकीला. घालून बघू.’

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी दाराला टेकून उभी होते आणि मीही नजर काढली नाही.

‘हरवली,’ ती म्हणाली.

आईनं तिच्या थोबाडीत मारली. सहा महिन्यांनी भेटलेल्या लेकीला पहिल्या तासाभरात मारली. ‘एक बाहुली संबाळता आली न्हाई तुला?’

‘मावशी, मी बी लई हुडकली,’ मी दारातून म्हणाले.

‘ये माय, बस,’ म्हणत तिनं तिकडून आणलेल्या गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथंच बसून खाल्ला.

मुलीनं माझं नाव का घेतलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिची आई दसऱ्यानंतर पुन्हा जाणार होती. मी गल्लीतच राहणार होते.

त्या दिवशी माझ्या बाहुल्याचं दुसरं लग्न होतं. किराणा दुकानदाराच्या मुलीची बाहुली सून म्हणून ठरली होती. हळद लागली होती, डबा वाजत होता, तेव्हा ती ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. गालावर अजून बोटं दिसत होती.

‘तुझ्याकडं बाहुली कुठंय?’ मी म्हणाले. ‘बाहुली न्हाई तर खेळायला कसं घेनार?’

तिनं मूठ उघडली. ‘हे घे. नव्या सुनेला घाल. मला नुसतं बसू दे.’

मी ते झंपर घेतलं. दुकानदाराच्या मुलीनं ते तिच्या बाहुलीला घातलं आणि ते अंगात नीट बसलं. मग मी तिला वर बोलावलं आणि तिच्या हातावर चिमूटभर अक्षता ठेवल्या. मंगलाष्टकं सगळ्यांत चांगली तिलाच पाठ होती, म्हणून तीच म्हणाली, आणि दर ‘सावधान’ला आमच्याबरोबर नवरीवर अक्षता टाकत गेली.