रक्तपिपासू सरदार आणि माझं एम.ए.

त्या रविवारी सकाळी मी इतकी उतावीळ झाले होते की चहा तसाच टाकून निघाले. कॉलेजच्या फिल्म क्लबात एक जुना, काळा-पांढरा इंग्रजी भयपट येणार होता. पडक्या किल्ल्यात राहून माणसांचं रक्त पिणाऱ्या सरदाराचा. ज्या कादंबरीवरून तो काढला, ती मी वाचली होती. म्हणजे निम्मी. घरी मात्र पूर्ण वाचली म्हणून सांगितलं होतं, कारण मला इंग्रजीत एम.ए. करायचं होतं आणि रेल्वेत कारकून असलेले बाबा म्हणत होते, बी.ए. झालं, आता नोकरी बघ. माझं इंग्रजी किती पाण्यात आहे ते बघायला बाबा स्वतः आले होते, आमच्या प्रतापनगरातल्या चार-पाच शेजारणींसोबत.

क्लबात प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की दिवे लागत, आणि दुसरं चढेपर्यंत कुणीतरी उठून झालेली गोष्ट मराठीत सांगायची, अशी पद्धत. त्या दिवशी तो मान माझा होता. मी नुसती हवेत होते! सरदार शवपेटीतून उठला तेव्हा शेजारच्या काकूंनी माझा दंड असा आवळला की त्यांच्या बांगड्या रुतल्या.

तीन रिळं झकास गेली. चौथ्या खेपेला सरदाराच्या छातीत खुंटी ठोकली, तो मेला, मी तसं सांगितलं. पुढच्या रिळात हा गडी मेजवानीला हजर! दिवे लागले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. न वाचलेली पानं मानगुटीवर बसली. मी बिनदिक्कत ठोकून दिलं की असले लोक एकदा मारून मरत नाहीत, तीन पौर्णिमांनी पुन्हा उठतात. बायकांनी माना डोलावल्या आणि मला फार भारी वाटलं.

तेवढ्यात मशीनवाले दादा ओशाळून म्हणाले की चौथ्याच्या आधी चुकून पाचवं रीळ लागलं होतं.

हॉल हसून लोटपोट झाला. माझे कान तापले. फक्त बाबा हसले नाहीत. घराच्या फाटकाशी ते थांबले.

"पुस्तक पुरं वाचलं नव्हतं न तू?"

मी खाली मान घालून नाही म्हटलं. आता नोकरीच, हे मी मनाशी धरून चालले होते.

"अर्धं वाचून एवढ्या लोकायले पटवलं तू," बाबा म्हणाले. "आता पुरं शिक. उद्या फॉर्म आन, मी सही करतो."